थोरली ॲम्बेसिडर, धाकटी फियाट

आमच्या घरात दोन जावा होत्या आणि दोन गाड्या होत्या. जावांचं भांडण झालेलं मला आठवत नाही. भांडण व्हायचं ते गाड्यांवरून, आणि तेही दोघा भावांत. बाबांची ॲम्बेसिडर आणि सुदामकाकांची फियाट. घरात त्यांना कुणी कंपनीच्या नावानं ओळखत नसे. मोठ्या भावाची ती थोरली, धाकट्या भावाची ती धाकटी. "थोरली आज सकाळपासून नुसती गुरगुरून राह्यली," असं काका म्हणाले की नवा पाहुणा दचकून माझ्या मायकडे बघायचा. मायला हे माहीत होतं, म्हणून ती मुद्दाम जरा जास्तच गंभीर चेहरा करून चहा पुढं ठेवायची.

धाडच्या बसस्टँडच्या मागं आमचं घर. पुढं टिनाचं शेड, त्यात दोघी शेजारीशेजारी उभ्या, आणि मागं दोन एकर वांगी, मिरची, कोथिंबीर. सकाळ व्हायची ती थोरलीच्या आवाजानं. बाबा आंघोळ करून कपाळाला गंध लावून यायचे, चोक ओढायचे, आणि ती आधी एकदा खाकरायची, मग दुसऱ्यांदा, मग शेडचे पत्रे थरथरतील अशी घरघर सुरू. तोवर मायनं चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर टाकलेली असायची. आजही सकाळी कुठं ज्वारीची भाकर भाजल्याचा वास आला की मला त्यात थोडा पेट्रोलचा वास लागतो, आणि तो नसला तर भाकर अर्धवट भाजल्यासारखी वाटते. सुनेला हे पटत नाही. तिला न पटणाऱ्या माझ्या गोष्टी पुष्कळ आहेत.

बाबा सहा फुटांच्या आसपास उंच आणि दाराएवढे रुंद. थोरली त्यांच्यासाठीच बनवल्यासारखी होती. पुढच्या लांब सीटवर ते, त्यांच्या बाजूला आणखी दोन माणसं, मागं चार, एखादं पोर मांडीवर. बाजाराच्या दिवशी डिकीत वांग्यांची पोती. रस्त्यात खड्डा आला तर ती त्यात उतरायची आणि काही न बोलता वर यायची. "गाडी म्हंजे घर पाह्यजे," असं बाबांचं म्हणणं, "बसल्यावर मानसाले उतरू वाटलं नाही पाह्यजे." यावर काका म्हणायचे की घराला चाकं लावली तर ते वळवणार कसं. त्यांची फियाट जुन्या घडणीची, पुढची दारं उलटी उघडणारी. बाया त्यात लुगडं न अडकता ऐटीत बसायच्या आणि ऐटीत उतरायच्या. हलकी, नीटस, बोटभर स्टेअरिंग फिरवलं की नाक वळायचं. थोरलीचं दार धप्प वाजायचं, धाकटीचं खट्. आम्ही पोरं डोळे मिटून सांगायचो, कोण आलं.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे दोघा भावांना गाड्यांच्या बाबतीत तंतोतंत लागू होतं. राजूर घाट कोण सहज चढतं, पेट्रोल कोण कमी पितं, पावसाळ्यात चिखलातून कोण निघतं, जेवणाचं ताट संपेपर्यंत हेच. मिरचीची भाजी तिखट झाली तरी दोघांच्या लक्षात यायचं नाही. मायनं एकदा वैतागून निकाल दिला होता की एक म्हैस आहे आणि एक शेळी, दोघींचं दूध घ्या आणि मुकाट्यानं जेवा. पण दोघांनाही तो निकाल मान्य नव्हता. बाबांना 'म्हैस' झोंबली, काकांना 'शेळी'.

एका गोष्टीत मात्र दोघं भाऊ एक होते. आमच्या दोन्ही गाड्या लग्नसराईत नवरी न्यायला जायच्या, आणि आमच्या भागातल्या जुन्या बायांचा नियम होता की नवरी गाडीत बसली, चाकाखाली नारळ फुटला, की गावाची शीव ओलांडेपर्यंत ती गाडी मागं घ्यायची नाही. हातभरसुद्धा नाही. गाडी मागं गेली तर पोरगी माघारी येते, असा समज. मी तेव्हाही यावर विश्वास ठेवत नव्हते आणि आताही ठेवत नाही. पण बाबांनी हा नियम आपल्या धंद्याची अब्रू करून टाकला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी ते पायी जाऊन मांडवाची गल्ली बघून यायचे, कुठून शिरायचं, कुठं तोंड करून उभं राहायचं ते ठरवायचे. पंचक्रोशीत सगळे बाबांना भाऊ म्हणत, आणि त्यांच्या गाडीची ओळखच ती होती. भाऊंच्या गाडीतली नवरी माघारी फिरत नाही.

मला गाडी शिकायची होती. काऊन, असं मला सगळ्यांनी विचारलं, आणि मला कधी धड उत्तर देता आलं नाही. मॅट्रिक झालं होतं, कॉलेज बुलढाण्याला, तिथं पाठवायला घरचे तयार नव्हते, आणि दोन पाहुणे मला बघून गेले होते. मला वाटायचं, जिचा आवाज ऐकून मी रोज उठते, ती कशी चालते हे मला कळायला नको का. बाबांना विचारलं तर त्यांनी थोरलीच्या बॉनेटवरून फडकं फिरवतच सांगितलं, "गाडी बाईच्या हातची नाही." एवढंच. रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर मी कदाचित गप्प बसले असते.

काका तयार झाले. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बाजारतळ मोकळा असायचा. कांद्याची सालं, चार शेळ्या आणि आम्ही. सपाटीवर गाडी कुणीही चालवतं, असं काकांचं मत. म्हणून ते मला तळाच्या टोकाला चढावर न्यायचे, गाडी अर्ध्यात थांबवायचे आणि मागच्या चाकाला लागून मायचा पाण्याचा माठ ठेवायचे. मग म्हणायचे, काढ आता पुढं. क्लच सोडता सोडता एक्सलेटर द्यायचा, आणि गाडी जिथं अंगात आल्यासारखी जराशी थरथरते, तिथं पाय धरायचा. ती थरथर सापडली तर गाडी पुढं जाते, नाही सापडली तर मागं, म्हणजे माठावर. पहिला माठ पहिल्याच दिवशी गेला. दुसरा त्याच्या पुढच्या आठवड्यात. घरी येऊन आम्ही दोघंही मांजरानं पाडला वगैरे सांगत होतो. तिसऱ्या खेपेला निघालो तर माय दारात उभी, हातात तळाला चिरलेला एक जुना माठ. म्हणाली, "फुटकाच घेऊन जा. चांगले माठ काऊन फोडता." एवढं बोलून ती आत गेली. मायचा होकार मला असा मिळाला. तो माठ शेवटपर्यंत फुटला नाही.

पुढं काकांनीच मला बुलढाण्याला नेऊन लायसन काढून दिलं. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, असू दे, जपून ठेव. पण गिऱ्हाईक बसलं असताना हात लावायचा नाही. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बघू.

तेवढ्यात जीपा आल्या. धाड ते बुलढाणा, धाड ते भोकरदन, एकेका जीपमध्ये माणसं अशी भरायची की मागच्या फळीवर उभे असलेले चौघं बाहेरच्या बाहेर प्रवास करायचे. एसटीची वाट बघणारा माणूस आमच्याकडे यायचा बंद झाला. राहिली फक्त लग्नं आणि दवाखाना. एका दुपारी वरण-बट्टी जेवताना दोघा भावांनी ठरवलं की दोन गाड्या पोसण्यात अर्थ नाही. एक विकायची, त्या पैशांत भर घालून जीप घ्यायची, जीप काका चालवतील. आणि ठेवायची कोणती, तर अर्थातच थोरली. काकांनी हरकत घेतली नाही. मोठा भाऊ थोरली सोडणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि जीपचं नवं स्टेअरिंग त्यांना आतून बोलावतही होतं. चिखलीच्या एका ओळखीच्या माणसाला फियाट हवी होती. लग्नसराई संपली की तो येऊन बघणार असं ठरलं.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. फियाट गेली की माझं सगळं गेलं. थोरलीला बाबा मला हात लावू देणार नव्हते, जीप काकांकडे दिवसभर रस्त्यावर. मग मला बघायला तिसरा पाहुणा येणार आणि मी त्याच्यासमोर पोहे ठेवणार. मी ताटावरून उठले नाही, रडले नाही. मी म्हटलं, धाकटी विकू नका, ती मी चालवीन. कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. काकूनं माझ्या ताटात आणखी एक बट्टी वाढली. आमच्या घरात पोरीच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसलं की तिला वाढायचे. त्या रात्री अंथरुणावर पडताना मी ठरवलं की चिखलीचा माणूस येईपर्यंत रोज एकदा हे वाक्य बोलायचं. आणि मी रोज बोलले. भाकर थापताना, मिरच्या तोडताना, बाबांच्या हातावर पाणी घालताना. बाबांनी कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. मीही थांबले नाही. हट्टी पोरगी असा माझा लौकिक तेव्हा झाला, तो अजून पुसलेला नाही.

सराईतलं शेवटचं लग्न आमच्याच गल्लीच्या पलीकडचं, निर्मलाचं. निर्मला माझ्याहून वर्षानं मोठी. आम्ही दोघी एकाच बाकावर शिकलो. बाबांनी रिवाजाप्रमाणे थोरली रस्त्याकडे तोंड करून लावली होती. तिच्या पुढं, एका चढत्या बोळाच्या तोंडाशी, धाकटी, वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. दिवस कलायला लागला, निर्मलाला रडत रडत आणून थोरलीत बसवली, नवरदेव बसला, तिची गोदाआत्या बसली, चाकाखाली नारळ फुटला. आणि गल्लीच्या तोंडाशी मंडपाचं सामान नेणाऱ्या ट्रॉलीचं चाक नालीत गेलं. ट्रॉली आडवी, वर बांबू आणि खुर्च्या, रस्ता बंद. दहा-बारा जण लागले, काका सगळ्यात पुढं. ट्रॉली हलली नाही, काकांचं मनगट मात्र मुरगळलं आणि बघता बघता सुजलं.

मागची वाट मोकळी होती. थोरली जराशी मागं घेतली असती आणि मारुतीच्या पाराला वळसा घातला असता की झालं. दुसऱ्या कुणी ते केलंही असतं. पण नारळ फुटला होता. गोदाआत्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढून शांतपणे सांगितलं की गाडी मागं जाणार असेल तर ती पोरीला घेऊन खाली उतरते आणि शिवेपर्यंत पायी चालते. बाबांनीही मान डोलावली; त्यांना तर तिच्याहून जास्त ते मान्य होतं. उरला तो बोळ. थोरली त्यात वळणारच नव्हती, हे बघायला वेगळी परीक्षा नको होती. धाकटी वळली असती. नवरी एका गाडीतून उतरून पुढच्या गाडीत बसली तर चालतं का, यावर जुन्या बायांची तिथंच बैठक झाली. पाऊल पुढंच पडतंय, मग चालतं, असं ठरलं.

बाबा धाकटीत बसले. त्यांचे गुडघे स्टेअरिंगला लागत होते. नवरीला बसवण्याआधी एकदा चढ बघून घ्यावा म्हणून त्यांनी गाडी बोळात घातली. वळण घेतलं, चढावर मधेच पाण्याचा हौद होता तिथं वेग कमी केला, आणि पुन्हा काढताना गाडी मागं आली. हात-दोन हात. ब्रेक लागला. पुन्हा काढली, पुन्हा आली. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस सगळ्या गावासमोर दोनदा मागं घसरला. खाली आले तेव्हा त्यांच्या मानेवर घाम होता. मला त्यांची फार दया आली, आणि त्याच वेळी माझे पाय आपोआप पुढं गेले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

"हिचा क्लच मले समजत नाही," ते काकांना म्हणाले.

"मले समजते," मी म्हटलं.

काकांनी आपला सुजलेला हात धरून माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.  बाबा गाडीला वळसा घालून गेले आणि डावीकडचं दार उघडून बसले. मागच्या सीटवर निर्मला, नवरदेव आणि गोदाआत्या. बसता बसता गोदाआत्या म्हणाली, "वंदे, माही नजर चाकावर हाये." आणि खरंच तिनं खिडकीतून मान बाहेर काढून नजर मागच्या चाकावर ठेवली.

मी गाडी काढली. वळण आलं, धाकटीनं नाक फिरवलं, भिंतीला वीतभर जागा ठेवून ती बोळात शिरली. बाया वाळत घातलेली लुगडी बाजूला ओढत होत्या. हौदाशी तेवढ्यात एका म्हातारीची खाट आडवी आली होती आणि ती उचलणारं कुणी नव्हतं. मला थांबावं लागलं. जिथं बाबा घसरले होते बरोबर तिथं, आणि आता मागं तीन माणसांचं वजन. दोन बाया धावत आल्या, खाट बाजूला झाली. बाबांचा हात हँडब्रेककडे गेला. मग त्यांनी तो परत घेतला आणि आपल्या मांडीखाली घालून ठेवला. मी क्लच सोडत आणला. निर्मलाचं रडणं थांबलं होतं, तिलाही कळत होतं काहीतरी. पायाखाली ती थरथर आली. मी पाय धरला, ब्रेक सोडला, आणि गाडी पुढं गेली. जराशीही मागं न येता पुढं गेली. बोळ संपला, बुलढाण्याचा रस्ता लागला, शिवेवरचा लिंब मागं पडला, तेव्हा गोदाआत्यानं मान आत घेतली आणि पदरानं तोंड पुसलं. निर्मलाला पुन्हा रडायचं आठवलं.

  त्या दिवसानंतर मी ते रोजचं वाक्य बोलायचं सोडलं. जे करायचं ते करून झालं होतं. आता वाक्यानं काय होणार. पण झोप लागत नव्हती. एका बोळात गाडी चढवली म्हणून कुणी आपली गाडी विकत नाही, हे मलाही कळत होतं.

चिखलीचा माणूस ठरल्याप्रमाणे आला. मी मागं मिरच्या तोडत होते, तशीच उठून शेडच्या कोपऱ्यात येऊन उभी राहिले. तो धाकटीभोवती फिरला, दार उघडून बघितलं, हात फिरवला. बाबा खांबाला टेकून उभे होते. मग ते त्याला म्हणाले की ती नाही, ही बघा. आणि त्यांनी थोरलीचं बॉनेट उघडलं. काका बघत राहिले. माय चहा घेऊन येत होती, ती उंबरठ्यावरच थांबली.

इतके दिवस मी जे मागत होते ते मिळालं होतं आणि माझ्यानं ते बघवेना. मी पुढं झाले, बाबांचा हात धरला आणि म्हटलं, थोरली नका देऊ, दुसरं काहीतरी करू. मला तेव्हा खरंच तसं वाटलं. बाबांनी बॉनेटच्या आत बघतच उत्तर दिलं. "जीप आली का माह्या गाडीचं काम जीप करते. बोळातलं काम जीप करत नाही. अन् मी चालवून चालवून दहा वर्षं चालवीन, तू चाळीस. यात समजाले अवघड काय हाये." मग त्या माणसाला ते इंजिनाविषयी सांगू लागले, एकेक गोष्ट, लग्नाच्या पोरीविषयी सांगावं तसं. काय तिला मानवतं, काय मानवत नाही, थंडीत चोक किती ओढायचा. थोरली गेली तेव्हा ते शेडमध्ये नव्हते. वांग्याच्या वावरात होते आणि दुपारी जेवायला उशिरा आले.

हल्ली नातू मला मोबाइलवर जुन्या गाड्यांची चित्रं दाखवतो. पुण्यात म्हणे लोक त्यांना चकाकत ठेवतात, मेळे भरवतात, आणि कुठली श्रेष्ठ यावर तावातावानं भांडतात. नातू विचारतो, आजी, तुझं मत काय. मी चाळीस नाही, पण एकतीस वर्षं गाड्या चालवल्या, त्यातली पहिली कितीतरी धाकटीवर. तरी मत विचारलं की मी ॲम्बेसिडर म्हणते. त्याला ते कोडं वाटतं. मी समजावत बसत नाही.

थोरली गेल्यानंतरचे दिवस घर फार गप्प होतं. सकाळी कुणी खाकरत नव्हतं. जीप आली, काका तिच्यामागं गेले. धाकटी शेडमध्ये उभी, चाबी खिळ्याला. बाबा तिला पुसायचे, पाणी बघायचे, पण ती मी चालवायची की ते, हे कुणी बोललं नव्हतं आणि मला विचारायची हिंमत होत नव्हती. मग एका सकाळी शाळेतले गुरुजी आले. त्यांच्या आईला बुलढाण्याला दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांनी गाडीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, म्हणाले, भाऊ, निघायचं का लगेच.

गिऱ्हाईक दारात आलं की बाबा माझ्या नावानं हाक मारायचे आणि मी चुलीवर चहाचं आधण ठेवायची. हाक मारण्याचा अर्थच तो होता. त्याही दिवशी त्यांनी हाक मारली आणि मी सवयीनं भांड्याकडे हात नेला.

"वंदे," बाबा बाहेरून म्हणाले, "चहा तुही माय ठेवते. तू चाबी घे."